आईबापांचा पोशाख व मुलांची नजर



यंदा आपल्या मंडळास पंचवीस वर्षे पूर्ण होत आहेत. स्मरणिकेसाठी प्रत्येकीने चार ओळी तरी लिहाव्यात असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी दरवर्षीप्रमाणे एखादी पाककृतीच देणार होते. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हिशेबाची वही सोडली तर हातात लेखणी धरण्याचा प्रसंग क्वचितच येतो. पण जून महिन्यात शाळेच्या सूचनेवरून आपल्या मंडळात जो वाद झाला, तो काही केल्या माझ्या मनातून जाईना. म्हणून या वेळी सोलकढी बाजूला ठेवून त्याच विषयावर लिहायचे धाडस करते.

सूचना सर्वांना ठाऊक आहे. मुलांना सोडायला व न्यायला येणाऱ्या पालकांनी गाऊन किंवा हाफपँट घालून शाळेच्या आवारात येऊ नये, मुलांसमोर चांगला आदर्श ठेवावा, एवढाच तिचा मजकूर. पण त्या एका कागदाने आपली मासिक सभा दीड तास लांबली. कुणी म्हणाल्या, "बरोबरच आहे. देवळात जाताना आपण गाऊन घालतो का? मग शाळेत का घालायचा?" कुणी म्हणाल्या, "पाचला उठून दोन डबे करायचे, पाणी भरायचे, सासऱ्यांचा चहा करायचा, मग साडी नेसायची कधी?" तिसऱ्या म्हणाल्या, "बायकांना सगळे बोलतात, पण बाप्ये बनियनवर स्कूटर घेऊन फाटकापर्यंत येतात त्यांना आजवर कुणी बोलले?" यावर बराच हशा झाला.

कोपऱ्यात बसलेल्या आपल्या सर्वांत वडील सभासद आजी मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पोरींनो, माझ्या आईच्या वेळी बाई शाळेच्या दारातच जात नव्हती. काय घालून जायचं हा प्रश्नच नव्हता."

त्या एका वाक्याने मी घरी येऊन विचारात पडले. आपण आज ज्यावरून भांडतो ते कपडे आपल्या अंगावर आले तरी कसे? कुणी कुणाला काय घालू दिले आणि काय घालू दिले नाही? वाचनालयातून पुस्तके आणली, मुलीची इतिहासाची पुस्तके चाळली. मंडळाच्या महाडच्या सहलीत पाहिले-ऐकले तेही आठवले. त्यातून जे समजले ते माझ्या साध्या भाषेत सांगते.

दंड घातलेले लुगडे

प्रथम घरचीच गोष्ट सांगते. माझी आजी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दहाएक वर्षांची होती. त्या वेळी कापडावर नियंत्रण आले होते. कापड दुकानात मिळेना, मिळाले तर परवडेना. नऊवारी लुगडे म्हणजे नऊ वार कापड, ते आणायचे कुठून? मग आजीची आई काय करी? लुगडे नेहमी विरते ते मधल्या भागात. तेवढा भाग कापून काढायचा आणि उरलेली चांगली टोके जोडून शिवायची. याला लुगड्याला दंड घालणे म्हणत. आज हा शब्द आपल्या मुलींना माहीतही नसेल.

आजी सांगे, "आईकडे तीन लुगडी. दोन रोजची, तीही दंड घातलेली, आणि एक घडीचे." घडीचे म्हणजे पेटीत घडी घालून ठेवलेले, लग्नकार्याला आणि गावाबाहेर जायला. वाडीतली सुपारी सोलणे, शेण काढणे, विहिरीचे पाणी ओढणे ही सगळी कामे रोजच्या लुगड्यावर. पण अलिबागच्या बाजाराला जायचे झाले की अंग धुऊन, केस चोपून, धुतलेले लुगडे नेसल्याशिवाय ती माउली उंबरा ओलांडत नसे. घडीचे एखाद्या शेजारणीला दिलेले असले तर दंडाचेच नेसे, पण ते स्वच्छ असे, आणि दंडाची शिवण निऱ्यांत बरोबर लपवलेली असे.

आजीला कुणी पोशाखावर व्याख्यान दिले नव्हते. तिने आईला निऱ्या घालताना पाहिले होते, एवढेच. पुढे आजीने तेच केले, आणि तिला पाहून माझ्या आईने. आडात असेल ते पोहऱ्यात येते, ते असे.

रस्त्यावरची बाई

घरातून बाहेर पडणाऱ्या बाईच्या कपड्याला मात्र लोकांनी सहज जागा दिलेली नाही. १८४८ साली पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. सावित्रीबाई फुले तेथे शिकवायला जात, तेव्हा वाटेत त्यांच्या अंगावर शेण व चिखल फेकला जाई. म्हणून त्या दुसरे लुगडे बरोबर नेत आणि शाळेत गेल्यावर ते नेसत. ही हकीकत आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. मी ती पुन्हा वाचली तेव्हा मुलींचा विचार मनात आला. ज्या मुली वर्गात वाट पाहत बसल्या असतील, त्यांना स्वच्छ लुगड्यातल्या बाई दिसत होत्या. मळलेले लुगडे बाजूला पिळून ठेवलेले असेल, तेही त्यांना दिसत असेलच.

आपल्या अलिबागेशी संबंध असलेले दुसरे नाव म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी. त्यांचे यजमान गोपाळराव टपाल खात्यात होते. त्यांची बदली अलिबागेस झाली तेव्हा आनंदीबाई अगदी लहान वयात येथे राहिल्या आणि शिकू लागल्या. बायकोला शिकवणारा, तिला बरोबर घेऊन फिरायला जाणारा नवरा म्हणजे त्या काळी गावाला तमाशाच. पुढे १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या. जाण्यापूर्वी त्यांनी भर सभेत सांगितले होते की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. तिकडे त्यांनी साडी सोडली नाही. पण फिलाडेल्फियाची थंडी आपल्या नऊवारीला झेपणारी नव्हती. पोटऱ्या उघड्या राहत आणि गारठत. मग त्यांनी गुजराती पद्धतीने, आत परकर घालून, पायघोळ साडी नेसण्यास सुरुवात केली. १८८५ सालचे त्यांचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई, एक जपानी व एक सीरियन विद्यार्थिनी अशा तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात आहेत. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यास वारल्या. वय अवघे एकवीस.

मला यात एक गोष्ट फार पटली. त्यांनी लोक काय म्हणतील म्हणून साडी धरून ठेवली नाही, तशीच लोक काय म्हणतील म्हणून ती टाकलीही नाही. थंडी वाजली तेव्हा नेसण्याची तऱ्हा बदलली, आणि साडी ठेवली.

पुरुषांचीही एक गोष्ट सांगते, नाहीतर मी बायकांचेच लिहिते असे व्हायचे. १८८८ साली पुण्यास इंग्लंडच्या राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. सगळे जरीपागोटी घालून आले होते. जोतीराव फुले मात्र गरीब शेतकऱ्याच्या वेषात आले आणि त्यांनी सांगितले की या देशाची खरी रयत अशी दिसते. जोतीरावांजवळ चांगले कपडे नव्हते असे नाही. तेथे काय घालायचे याचा त्यांनी पूर्ण विचार केला होता. सकाळी अंथरुणातून उठून बनियनवर शाळेच्या फाटकाशी येणाऱ्या आपल्या मंडळींनी जोतीरावांचे नाव पुढे करू नये, म्हणून हा खुलासा.

महाडची सभा

आता मुख्य गोष्टीकडे येते. ती आपल्या जिल्ह्यातलीच आहे.

तीन वर्षांपूर्वी आपले मंडळ रोहा, कोलाड, माणगाव करीत महाडला गेले होते. चवदार तळ्याच्या पायऱ्यांवर बसून आपण डबे उघडले. तेथे काय घडले हे साऱ्यांना ठाऊक होते. १९२३ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने तळे खुले केल्याचे जाहीर केले. पण कागदावरचे पाणी ओंजळीत येईना. मग २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर परिषदेच्या लोकांसह तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्यानंतर लोकांना मारहाण झाली आणि तळे 'शुद्ध' करण्याचा विधी झाला. डिसेंबरात पुन्हा परिषद भरली. गावात कुणी जागा देईना, तेव्हा एका मुसलमान गृहस्थांनी दिली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. कोर्टाची मनाई आल्यामुळे तळ्यावर जाणे मात्र त्या वेळी थांबवावे लागले. पुढे खटला चालला आणि १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टात निकाल अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या लोकांच्या बाजूने लागला.

हे सगळे मी ऐकून होते. जे ठाऊक नव्हते ते असे की त्याच डिसेंबरच्या परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी तेथे आलेल्या स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, आणि त्यातला मोठा भाग लुगड्याबद्दल आणि दागिन्यांबद्दल होता.

आधी त्यामागची रूढी सांगितली पाहिजे. अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या जातींतील बायकांनी लुगडे गुडघ्यापर्यंतच नेसावे, सोने घालू नये, हलक्या धातूंचे जड दागिने घालावेत, असा ठिकठिकाणचा दंडक होता. बाई दुरून येताना दिसली की तिची जात ओळखू यावी, हाच त्याचा उपयोग. हे काही आपल्याच भागात होते असे नव्हे. त्रावणकोरात नाडर स्त्रियांना अंगावर वरचे वस्त्र घेण्याची मनाई होती. त्यासाठी वर्षानुवर्षे झगडा झाला आणि १८५९ साली त्यांना मोकळीक मिळाली. इंदूरकडे १९२८ साली बलाई जातीच्या लोकांना गावोगावी फर्मान निघाले होते, की पुरुषांनी जरीकाठी पागोटी घालू नयेत, रंगीत काठाची धोतरे नेसू नयेत, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत. म्हणजे बापाने कोणता काठ घालायचा हेसुद्धा दुसऱ्याने ठरवायचे, आणि मुलाने ते पाहत मोठे व्हायचे.

महाडच्या भाषणात बाबासाहेबांनी स्त्रियांना जे सांगितले त्याचा सारांश असा. तुमची लुगडे नेसण्याची तऱ्हा आणि तुमचे दागिने ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण झाली आहे. ती खूण पुसून टाका. इतर स्त्रिया नेसतात तसे नेसा, कुणीही तुम्हाला अडवू शकत नाही. कोपरापर्यंत कथलाचे नि चांदीचे जड दागिने घालू नका. दागिना घालायचाच तर सोन्याचा, नाहीतर नकोच. कपडा फाटका असला, ठिगळाचा असला तरी चालेल, पण तो स्वच्छ असू द्या. घर स्वच्छ ठेवा. नवरा किंवा मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका. आणि मुलांप्रमाणे मुलींनाही शाळेत घाला.

भगिनींनो, लुगडे आणि शाळा या दोन गोष्टी एकाच भाषणात आल्या हे मला महत्त्वाचे वाटते. आईने खाली मान घालून, दुसऱ्याने ठरवलेल्या वेषात रस्त्याच्या कडेने चालायचे, आणि मुलीने पाटी घेऊन ताठ मानेने शाळेत जायचे, हे जमणार कसे?

भाषणाचा परिणाम लगेच दिसला. बायकांनी त्याच मुक्कामी लुगडे पायघोळ नेसायला सुरुवात केली. कसे नेसायचे ते दाखवायला त्याच चळवळीत काम करणाऱ्या टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातील स्त्रिया, लक्ष्मीबाई टिपणीस व इंदिराबाई चित्रे, पुढे झाल्या. सुरेंद्रनाथ टिपणीस हे महाडच्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. ज्या काळी सावली पडली तरी विटाळ मानीत, त्या काळी या दोघी बायकांच्या निऱ्या घालून देत होत्या. मला त्या प्रसंगाचे चित्र मिळाले नाही, पण डोळ्यांपुढून हलत नाही. जवळच एखादी पाचसहा वर्षांची मुलगी उभी असेल. काल गुडघ्यापर्यंत लुगडे नेसलेली तिची आई आज घोट्यापर्यंत नेसून उभी आहे. ती मुलगी घरी जाऊन काय बोलली असेल?

गुडघ्यापर्यंतचे दुसरे लुगडे

येथे एक शंका माझ्या मनात आली आणि ती सोडवताना मला बरेच उमगले. आपल्या किनाऱ्यावर कोळणीही लुगडे गुडघ्याशी घट्ट आवळून नेसतात. आगरी बायका खारजमिनीत लावणीला उतरत, मिठागरावर काम करीत, तेव्हा त्यांचेही लुगडे असेच खोचलेले असे. मग तेही हलकेपणाचे का?

मुळीच नव्हे. चिखलात आणि खाऱ्या पाण्यात पायघोळ लुगडे नेसून कोण काम करील? कोळणीचे लुगडे तिच्या कामाने ठरवले, आणि ती ते मानाने नेसते. सणासुदीला तिच्या गळ्यातले सोने पाहिले की आपण सगळ्या मागे पडतो. महाडच्या सभेतल्या बायकांचे लुगडे तेवढ्याच लांबीचे, पण ते दुसऱ्याने ठरवलेले. कापड सारखे, लांबी सारखी, आणि अर्थ अगदी उलटा. एकीची मुलगी आईकडे पाहून म्हणते, माझी आई कामाची आहे. दुसरीच्या मुलीला लोक सांगत, तुझी आई हलकी आहे.

आपल्या रेवदंडा-अलिबागकडचे बेने इस्रायली लोकही मला आठवतात. १९४८ नंतर बहुतेक घरे इस्रायलला गेली, तरी अलिबागेत इस्रायल आळी आहे आणि त्यांची प्रार्थनामंदिरे आहेत. त्यांचा धर्म निराळा, शनिवार पाळायचा, तेलाचा घाणा बंद ठेवायचा, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. पण त्यांच्या बायका आपल्यासारखेच नऊवारी नेसत. शेजारी राहून शेजाऱ्यासारखे नेसणे हीही एक शिकवणच होती.

गाऊन आला

आता आपल्या गाऊनकडे येऊ. माझ्या लहानपणी मुंबईची मावशी मे महिन्यात आली, तेव्हा तिच्या अंगावर मी प्रथम गाऊन पाहिला. आजी म्हणाली, "हा काय झगा गो?" पण दोनच वर्षांत माझ्या आईने एक शिवून घेतला, आणि आजीसुद्धा हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात बरा."

गाऊनने बाईला सुख दिले हे नाकारण्यात अर्थ नाही. वाकायला बरा, घामाला बरा, धुवायला सोपा. बाळंतिणीला तर वरदानच. पण त्याने आपल्याकडे पाऊल कसे टाकले पाहा. आधी तो माजघरात होता. मग नळावर गेला. मग खांद्यावर टॉवेल टाकून वाण्याकडे गेला. मग ओढणी घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचला. मी स्वतः त्याच्याबरोबर प्रत्येक ठिकाणी गेले आहे, म्हणून अधिकाराने सांगते. आणि लग्न होऊन आले तेव्हा मला पंजाबी ड्रेस घालण्याची परवानगी मिळायला चार वर्षे लागली होती, हेही सांगते. कपडा बदलला की जग बुडते असे मानणाऱ्यांपैकी मी नाही.

तरीसुद्धा माझे मत असे, की घरचा आणि बाहेरचा कपडा वेगळा असावा. कपडा कोणता, हा प्रश्न नाही. साडी असो, ड्रेस असो, कामाचा खोचलेला पदर असो. पण 'आता मी बाहेर निघाले आहे, चार माणसांत जाते आहे, माझ्या मुलाच्या गुरुजनांसमोर उभी राहणार आहे' एवढा विचार करून घातलेला असावा. तो विचार मुलाला दिसतो. आई माझ्या शाळेला किंमत देते, असे त्याला वाटते. आणि हे बापालाही तितकेच लागू आहे.

माझी चूक

येथेच लेख संपवला असता तर बरे दिसले असते. पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला या विषयावर बोलण्याचा हक्क नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी धाकटी तिसरीत होती. शाळेत बक्षीस समारंभ होता. मी ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून पुढच्या रांगेत बसले होते. कार्यक्रम सुरू झाल्यावर एक कोळीण भगिनी घाईने आत आली व माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर बसली. लुगडे खोचलेले, काठ ओले, अंगाला मासळीचा वास. टोपली तिने फाटकाबाहेर ठेवली होती, हातात फक्त एक पिशवी होती. मी माझी खुर्ची थोडी सरकवली आणि पलीकडच्या बाईला म्हणाले, "निदान कपडे तरी बदलून यायचे. मुलांसमोर असे येतात का?" माझ्या मते मी हळू बोलले होते.

दोन दिवसांनी वर्गशिक्षिकेने मला बोलावले. माझी मुलगी त्या बाईच्या मुलीशेजारी बाकावर बसायला तयार नव्हती, आणि सगळ्या वर्गासमोर तिने तिला सांगितले होते, "तुझ्या आईला कपडे बदलून यायला सांग." मी घरी येऊन तिला रागावले. दोन फटकेही दिले. ती रडत म्हणाली, "तूच तर म्हणालीस!"

भगिनींनो, त्या दिवशी माझी साडी नीट होती, निऱ्या नीट होत्या, गजरा ताजा होता. माझ्या मुलीने त्यातले काहीच उचलले नाही. तिने माझी सरकलेली खुर्ची उचलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यात गेले. ती ओटीवर जवळा निवडत बसली होती. मी कशीबशी माफी मागितली. ती चिडली नाही. म्हणाली, "बाय गो, त्या दिवशी होडी उशिरा लागली, लिलाव उशिरा झाला. घरी येऊन गेले असते तर पोरीचं बक्षीस हुकलं असतं. घडीचं लुगडं पिशवीत घेऊनच आलते. पण शाळेत बदलायला जागा कुठं होती?"

तिच्या हातातली पिशवी मी पाहिली होती. आत काय असेल हा विचार माझ्या मनाला शिवला नव्हता. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी सावित्रीबाईंना निदान शाळेत दुसरे लुगडे नेसायला जागा होती.

तिने मला चहा दिला. निघताना तिच्या मुलीने बक्षिसाचे पुस्तक आणून दाखवले. माझ्या मुलीचा आणि तिचा पुढे चांगला मेळ बसला, पण तो माझ्या शिकवण्याने नव्हे. मुली आपल्याहून लवकर विसरतात.

मंडळाला एक विनंती

शाळेची सूचना चूक आहे असे मी म्हणणार नाही. घरातल्या आळसाचा कपडा बाहेर नेऊ नये, हे मलाही मान्य आहे. पण आळसाचा कपडा आणि कामाचा कपडा यांत फरक आहे, आणि तो फाटकावरच्या शिपायाला कळेलच असे नाही. बंदरावरून आलेली, मजुरीवरून आलेली, सुपारीच्या बागेतून आलेली आई उद्या फाटकातून परत पाठवली गेली, तर तिचे मूल खिडकीतून ते पाहील. कोणी काय नेसून कोठपर्यंत यावे हे पूर्वीही दारावरच ठरत असे. त्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यात आहे, म्हणून एवढे सविस्तर लिहिले.

तेव्हा वार्षिक सभेत मी तीन गोष्टी मांडणार आहे. पहिली, सूचनेत 'कामावरून थेट आलेल्या पालकांना ही सूचना लागू नाही' असे एक वाक्य घालावे, अशी आपण शाळेस विनंती करावी. दुसरी, फाटकाजवळ एक नळ आणि कपडे बदलण्यापुरती एक आडोशाची खोली असावी. शाळेकडे पैसे नसतील तर रौप्यमहोत्सवाच्या जेवणातील एक गोड पदार्थ कमी करून मंडळाने हातभार लावावा. जिलबीवाचून आपले अडणार नाही. तिसरी, कुणाच्याही कपड्यावर मुलांसमोर बोलायचे नाही, असा प्रत्येकीने आपल्या मनाशी नेम करावा. हा तिसरा ठराव वहीत लिहिता येणार नाही, आणि पाळायला तोच सगळ्यांत कठीण आहे. मला अजून जमतोच असे नाही.

सकाळच्या गाऊनचे म्हणाल, तर मी आता पाच मिनिटे आधी उठते. ड्रेस खुंटीला रात्रीच अडकवून ठेवलेला असतो. आमच्या घरात हाफपँटबद्दलही बोलणी सुरू आहेत. अजून यश आलेले नाही, पण गेल्या सोमवारी अहोंनी शर्ट मात्र घातला होता.

माझ्या लिहिण्यात काही अधिकउणे झाले असेल तर सांभाळून घ्यावे. मंडळाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त सर्व भगिनींना मनापासून शुभेच्छा. सभेला सगळ्यांनी यावे. आणि कामावरून थेट यावे लागले तरी तशाच यावे, शेजारच्या खुर्चीवर मी असेन.